अनुमोदक कोण?

सोसायटीच्या सभेत ठराव मांडणारा एक लागतो, त्याला सूचक म्हणतात. आणि "याला माझाही पाठिंबा" असं सांगणारा दुसरा लागतो, तो अनुमोदक. अनुमोदक नसेल तर ठराव तिथल्या तिथे पडतो. बिबवेवाडीच्या आनंदबन सोसायटीत सूचक व्हायला पाच-सात जण कायम तयार, कारण सूचकाला भाषण ठोकता येतं. अनुमोदकाला नुसतं नाव द्यायचं असतं. पण ते नाव इतिवृत्तात चढतं, फायलीत राहतं, आणि उद्या काही बिनसलं की लोक तेच नाव हुडकून काढतात. म्हणून "अनुमोदक कोण?" असं विचारलं की आनंदबनात सगळ्यांना एकदम खोकला यायचा.

असं हे नाव नम्रता इंगोलेनं देऊ केलं होतं, तेही हसत हसत.

मंगळवारी संध्याकाळी ती दवाखान्यातली ड्यूटी संपवून मुलाला, साईला, घ्यायला पाळणाघरात गेली, तेव्हा वैशंपायनकाका तिथे लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. पोस्टातून रिटायर झालेला माणूस. आवाज हळू, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर कळायचं आपल्याला काय बोलले ते.

"रविवारी सभा आहे," काका म्हणाले. "हॉल पाळणाघराकडेच राहावा असा ठराव मी मांडतोय. अनुमोदक हवाय. तीसेक दारं वाजवली. सगळ्यांचा मनापासून पाठिंबा आहे हो! मनापासून म्हणजे तोंडानं नाही, एवढंच."

"काका, माझं नाव घ्या की. त्यात काय!" नम्रता म्हणाली.

आणि खरंच, त्या क्षणी त्यात तिला काही वाटलं नव्हतं. साई सात महिन्यांचा होता तेव्हापासून इथे येत होता. त्याचं पहिलं पाऊल याच हॉलच्या फरशीवर पडलं होतं, आणि ते नम्रतानं नाही, मथुराबाईंनी पाहिलं होतं. एकोणीस वर्षं ही बाई सोसायटीच्या हॉलमध्ये पाळणाघर चालवत होती. मागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहायची, सोसायटीची सभासद नव्हती, त्यामुळे सभेत तिला बोलायचा हक्क नव्हता. तिच्या पाळणाघराचा एकच कडक नियम. दाराशी खिळ्याला एक वही टांगलेली असे. मुलाला न्यायला कोण येणार, त्यानं त्या वहीत स्वतःच्या हातानं नाव लिहायचं. ज्याचं नाव नाही, तो प्रत्यक्ष बाप असला तरी पोर हातात मिळायचं नाही. साईच्या पानावर एकच नाव होतं. तिचा नवरा संतोष पहाटे कारखान्यात जायचा तो रात्रीच परतायचा, त्यामुळे त्याला न्यायला यायची वेळच कधी आली नव्हती.

मथुराबाईंनी नम्रताचं बोलणं ऐकलं आणि तिच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला.

आता हा हॉल पाहिजे होता कुणाला? तर हिंदुरावभाऊंना. महापालिकेची निवडणूक कितीतरी वर्षांनी लागली होती आणि इतकी वर्षं ताटकळलेले इच्छुक एकदम रस्त्यावर आले होते. भाऊंना संपर्क कार्यालय हवं होतं, अन् आनंदबनचा हॉल बरोबर चौकाच्या तोंडावर. फक्त निवडणुकीपुरता, असं ते म्हणत. पुण्यात राजकारण्याचं संपर्क कार्यालय एकदा उघडलं की कधी बंद झालेलं कुणी पाहिलंय का? पण सोसायटीत पाणी सकाळी अर्धा तास यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. भाऊ म्हणाले, निवडून आलो की स्वतंत्र लाइन. चेअरमन सर्जेराव धुमाळांनी सभा व्हायच्या आधीच त्यांना पेढे भरवून टाकले होते.

इंगोल्यांचं घर नम्रताच्या एकटीच्या नावावर होतं. बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं, म्हणून संतोषनंच तसं केलं होतं. वाशिमकडची जमीन विकून घेतलेली ही दीड खोली. त्या एका टक्क्यापायी सोसायटीची सभासद नम्रता झाली, संतोष नाही. तेव्हा त्याला हे लक्षातही आलं नव्हतं. शनिवारी दुपारी मात्र चांगलंच आलं.

कारण शनिवारी दुपारी हिंदुरावभाऊ स्वतः त्यांच्या घरी आले.

दारात पांढरे बूट काढले, सोफ्यावर बसले, साईला उचलून मांडीवर घेतलं. संतोष उभाच. उभा राहणारच, कारण खेड शिवापूरकडच्या ज्या कारखान्यात तो सहा वर्षं टेंपररी सुपरवायझर होता, तिथली माणसं पुरवायचा ठेका भाऊंचाच होता. दर एक तारखेला नवी यादी लागायची, आणि यादीत नाव असलं तर महिना सुरू.

"वहिनी, चहा फक्कड झालाय," भाऊ म्हणाले. "तुमच्याकडं असाच करतात का, आलं ठेचून?"

"हो."

"छान. छान." त्यांनी साईच्या केसांतून हात फिरवला. "संतोष आपला घरचा माणूस. मी कारखान्यात सांगूनच ठेवलंय, या वेळी चार जण परमनंट करायचे तर पहिलं नाव इंगोले. परवा यादी करायला बसतोय. तेवढी उद्याची सभा झाली की मोकळा."

सभेचं नाव निघालं आणि पुढे ते काहीच बोलले नाहीत. धमकी नाही, विनंती नाही, काही म्हणजे काही नाही. चहा संपवला, साईच्या हातावर चॉकलेट ठेवलं आणि उठले. संतोष त्यांना सोडायला खाली गेला. खिडकीतून नम्रताला गाडीचं उघडं दार दिसत होतं. भाऊ आत बसून काहीतरी विचारत होते आणि संतोष मान हलवत होता.

वर आल्यावर तो थेट मोरीत गेला, तोंडावर पाणी मारलं, आणि टॉवेल तसाच हातात धरून उभा राहिला.

"काकांना नाव काहून दिलं तू?"

"तुम्हाला काय माहीत दिलं म्हणून?"

"अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. नम्रता, सहा वर्षं झाली. सहा वर्षं मी त्या यादीकडं बघून राहिलो. आता कुठं पहिल्या नंबरला नाव आलं."

"आणि पाळणाघर गेलं तर साईला कुठं ठेवू? माझी नोकरी सोडू?"

"निघेल काहीतरी. भाऊ म्हणतात, निवडून आल्यावर मोठं पाळणाघर काढू."

"म्हणतात!"

"हे बघ." संतोषचा आवाज खाली आला. तो चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. "तू त्यांच्या बाजूनं बोल, असं मी म्हणतच नाही. मथुराबाईच्या विरोधात हात वर कर, असंही म्हणत नाही. फक्त चूप बस. एवढं तर करशील?"

चूप बसणं. ऐकायला किती कमी वाटतं! कुणाचं वाईट करायचं नाही, कुणाला तोडून बोलायचं नाही, नुसतं खुर्चीवर बसून राहायचं. रात्री साईला थोपटताना नम्रता स्वतःला हेच सांगत राहिली, की मी नाही बोलले तर दुसरं कुणीतरी बोलेल. चाळीस घरं आहेत. एक तरी निघेलच की.

रविवारी अकराला हॉल भरला. भिंतीवर मुलांनी रंगवलेले हत्ती आणि आगगाड्या होत्या, त्यांच्याखाली लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या अक्षरांत छापलेलं, "हिंदुरावभाऊ मित्र परिवार". सभेसाठी खुर्च्या भाऊंनी पाठवल्या होत्या. म्हणजे ज्याला हॉल द्यायचा की नाही हे ठरवायचं, त्याच्याच नावाला पाठ टेकून सगळी बसलेली. वैशंपायनकाका घरून स्वतःची लोखंडी घडीची खुर्ची घेऊन आले आणि पहिल्या रांगेत खडखडाट करत उघडून बसले.

मथुराबाई आत ओट्यापाशी चहा करत होत्या. दर सभेला चहा त्याच करायच्या. स्वतःला बाहेर काढायच्या सभेलाही त्यांनी मोठं पातेलं चढवलं होतं, आणि आल्याचा वास हॉलभर सुटला होता. नम्रताला तो वास नको नको झाला.

दाराशी भाऊंचा बाळ नावाचा माणूस मोबाइल उभा धरून शूटिंग घेत होता. पन्नाशीचा, गळ्यात जाड साखळी. संतोष त्याच्या शेजारी उभा होता. सभासद नसलेल्यांना बसायला जागा नव्हती.

"शूटिंग कशाला?" काकांनी विचारलं.

"आठवण म्हणून," बाळ म्हणाला.

"वा. मग माझी उजवी बाजू घ्या, डाव्या गालावर चामखीळ आहे."

थोडे लोक हसले आणि मोबाइल आपल्याकडे वळल्यावर गप्प झाले.

काकांनी ठराव वाचला. दोन वाक्यांचा. हॉल पाळणाघरासाठीच वापरावा, कोणत्याही पक्षाला वा व्यक्तीला देऊ नये. भाषण केलं नाही, हेही आनंदबनात नवलच. कागद घडी करून खिशात ठेवला आणि खाली बसले.

चेअरमन धुमाळांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "सूचक श्रीयुत वैशंपायन. अनुमोदक कोण?"

नम्रता तिसऱ्या रांगेत होती. काकांनी मागे वळून पाहिलं नाही. तिची खात्री होती त्यांना. नुसतं "मी" म्हणायचं होतं. एक अक्षर! तिनं तोंड उघडलं सुद्धा असेल, पण दाराशी संतोषचा चेहरा दिसला. तो तिच्याकडे बघत नव्हता, आपल्या चपलांकडे बघत होता. सहा वर्षं पहाटे साडेपाचला तोच चेहरा डबा घेऊन बाहेर पडताना तिनं पाहिला होता. तिनं ओठ मिटले.

"अनुमोदक?" धुमाळ दुसऱ्यांदा म्हणाले.

बोला ना कुणीतरी! तिच्या पुढच्या रांगेत कुसुमताई बसल्या होत्या. त्यांची दोन्ही पोरं इथे वाढली, थोरला आता इंजिनिअर झाला. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. शेजारचे जोशी छताचा पंखा निरखत होते. कुणीतरी खोकलं, मग आणखी एक जण खोकलं. आतून पातेल्यातला चहा उतू गेल्याचा चर्र आवाज आला, आणि तो उतरवायला कुणाचा हात पुढे झाल्यासारखं वाटलं नाही. मथुराबाई ऐकत उभ्या होत्या.

"तिसऱ्यांदा विचारतो. अनुमोदक?"

कुणी नाही.

"अनुमोदकाअभावी ठराव पडला," धुमाळ म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

काकांनी आता मागे वळून पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं आणि परत पुढे तोंड केलं. नम्रताला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आता दुसरा ठराव," धुमाळांनी पुढ्यातला टाइप केलेला कागद उचलला. आनंदबनात इतिवृत्त आदल्या दिवशीच टाइप करून आणायची पद्धत होती. सभा संपली की सह्या करून मोकळं व्हायचं. धुमाळ भरभर वाचू लागले. "सोसायटीचा हॉल माननीय हिंदुरावभाऊ यांच्या संपर्क कार्यालयास विनामूल्य देण्यात यावा. सूचक, चेअरमन सर्जेराव धुमाळ. अनुमोदक, सौ. नम्रता संतोष इंगोले. ठराव सर्वानुमते मंजूर."

बाळनं एका हातानं मोबाइल धरून दुसऱ्या हातानं मांडीवर टाळी वाजवली. दोन-चार जणांनी ती उचलली.

नम्रताला आधी कळलंच नाही. आपलं नाव ऐकू आलं, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. कुसुमताई गर्रकन वळून तिच्याकडे बघायला लागल्या. ओट्याच्या दारात मथुराबाई येऊन उभ्या राहिल्या, हातात चहाचा ट्रे. नम्रतानं दाराकडे पाहिलं. संतोषची मान अजून खाली होती, पण कान लालबुंद झाले होते. आणि मग तिला कालचं गाडीचं उघडं दार आठवलं. भाऊ विचारत होते आणि संतोष मान हलवत होता.

टाइप केलेला कागद. म्हणजे आपण गप्प बसणार हे कालच ठरलं होतं. नुसतं ठरलं नव्हतं, त्यावर आपलं नाव लिहूनही झालं होतं!

ती उठली तेव्हा तिच्या मागची खुर्ची पडली.

"मी अनुमोदन दिलेलं नाही."

"वहिनी, बसा, बसा," धुमाळ हसत म्हणाले. "नावापुरतं असतं ते."

"मग तुमच्या मिसेसचं घाला."

धुमाळांचं हसू तिथेच विरलं. बाळनं मोबाइल तिच्याकडे वळवला. आता थांबणं तिच्या हातात राहिलं नव्हतं.

"घ्या, माझं शूटिंग घ्या. नम्रता इंगोले, फ्लॅट नंबर अकरा. माझं नाव खोडा. मी हे दिलेलं नाही, आणि मला कुणी विचारलेलंही नाही."

"ठीक आहे, ठीक आहे." धुमाळांनी पेन काढून कागदावर रेघ मारली. "एवढं काय त्यात. दुसरं नाव घालू. बोला, अनुमोदक कोण?"

आणि मग ते झालं, जे भाऊंनी, धुमाळांनी, कुणीच धरून चाललं नव्हतं. कुणी बोललं नाही.

ज्या जोशींनी कालच भाऊंबरोबर फोटो काढला होता, ते पंख्याकडे बघू लागले. टाळ्या वाजवणारे चौघं एकमेकांना कोपरानं ढोसत होते. सगळ्यांना पाण्याची लाइन हवी होती. भाऊंना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या मथुराबाईंच्या देखत, ज्यांनी आपल्या पोरांची ढुंगणं धुतली त्यांच्या देखत, त्यांना बाहेर काढायच्या कागदावर आपलं नाव द्यायचं? तिथेही सगळ्यांना खोकला आला.

"अरे, बोला की!" धुमाळांच्या कपाळावर घाम आला होता. "जोशी?"

"माझं काय, माझा पाठिंबा आहेच," जोशी पुटपुटले. "मनापासून."

"नाव घालू?"

"नाव... नाव नको."

बाळनं मोबाइल खाली केला. धुमाळांनी तिसऱ्यांदा विचारलं. मथुराबाई पहिल्या रांगेपासून चहा देत निघाल्या, आणि ज्याच्यापुढे कप येई त्याची मान आपोआप खाली जाई.

वैशंपायनकाकांनी आपला कप घेतला, एक घोट घेतला, आणि बसल्या बसल्याच म्हणाले, "अनुमोदकाअभावी ठराव पडला. लिहा धुमाळ. आत्ताच शिकवलात की, नियम म्हणजे नियम."

अर्ध्या तासात लाल खुर्च्या टेंपोत चढल्या. जाता जाता बाळ संतोषच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला आणि हसला. संतोष हसला नाही.

घरी आल्यावर नम्रतानं दार लावलं. साई शेजारी खेळत होता, ते बरं होतं.

"नाव तुम्ही दिलं?"

"भाऊंनी विचारलं, वहिनी काय करतील? मी म्हणालो, ती बोलणार नाही." संतोष खाटेच्या कडेला बसला. "मग तेच म्हणाले, नाही बोलणार तर नाव आपल्याकडंच घालू. ती मथुराबाईच्या जवळची, तिचं नाव असलं की बाकीचे गप होतील. मी नाही म्हणालो नाही."

"मला न विचारता!"

"हो. न विचारता. चुकलो." मग त्यानं वर पाहिलं. "पण तू बोलणार नाही, हे मी खोटं सांगितलं होतं का?"

काकांचा ठराव तिच्या डोळ्यांदेखत पडला होता. एक अक्षर बोलायचं होतं, ती बोलली नव्हती. नवऱ्यावर संताप होताच, पण त्याचा अंदाज बरोबर निघाला होता, हे तिला त्याहून जास्त लागलं. ती ओट्याशी जाऊन नुसतीच भांडी विसळत राहिली.

एक तारखेला संतोष पहाटे साडेपाचला नेहमीसारखा निघाला आणि साडेआठला भरलेला डबा घेऊन परत आला. यादीत इंगोले नव्हतं. पहिल्या नंबरला नाही, शेवटच्यालाही नाही. तो जिन्यात भेटला तेव्हा नम्रता साईला घेऊन खाली उतरत होती. तिला विचारावं लागलं नाही. तोही मागे फिरला आणि त्यांच्याबरोबर चालू लागला.

पाळणाघराच्या दारात नम्रता थांबली. मथुराबाईंनी साईचा स्वेटर काढून घेतला.

"मावशी, त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी..."

"चहा उतू गेला तेवढा वेळ होता तुला," मथुराबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण शब्द गिळलाही नाही. "मी गॅस बारीक केला नाही. म्हटलं, आता बोलेल, मग बोलेल." त्यांनी साईला आत ढकललं. "जा कामावर. उशीर होईल तुला."

नम्रताच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला तिनं तोंड वळवलं, तेव्हा संतोष पुढे आला.

"संध्याकाळी साईला न्यायला मीच येत जाईन," तो म्हणाला. "आता घरीच आहे काही दिवस."

मथुराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या भरल्या डब्याकडे पाहिलं. मग खिळ्यावरची वही काढली, साईचं पान उघडलं आणि दोरीला बांधलेलं पेन त्याच्यापुढे धरलं.

"नाव लिहा इथं. तुमचं."

संतोषनं डबा खाली ठेवला. नम्रताच्या नावाखालची ओळ रिकामी होती. त्यानं पेन हातात घेतलं, आणि लिहायच्या आधी मान वर करून नम्रताला विचारलं, "लिहू?"

ती हो म्हणाली, तेव्हा त्यानं लिहिलं.